मधल्या खिळीखालचा ओरखडा

मी एक जुनी बंदूक आहे, असं मला बघणारा प्रत्येक जण म्हणतो. साफ खोटं! मित्रांनो, मला अजून तीन वर्षंसुद्धा पुरी झालेली नाहीत. मी जुनी दिसते, कारण मला मुद्दाम तसं बनवलंय. आमच्याकडे पेनसिल्वेनियाच्या डोंगरात अशी बरीच हौशी माणसं आहेत, त्यांना अडीचशे वर्षांपूर्वीच्या पणजोबांकडे होती तश्शी बंदूक हवी असते. ठासणीची, चकमकीची, पक्षी मारायची, लांबच लांब. तर मी तशी आहे. माझी नळी माणसाच्या छातीपर्यंत येते आणि दस्त्यासकट उभी केली तर मी लॉटीआजीपेक्षा उंच!

थांबा, लॉटीआजी कोण ते सांगते. मला बनवलं वेंडेल राउखने. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा, आणि लॉटी त्याची बायको. घरामागे त्याचं दुकान, म्हणजे दुकान कसलं, एक शेड, एक खिडकी, एक लोखंडी शेगडी. आयुष्यभर त्याने बंदुकाच केल्या. आणि मला बनवायला सांगितलं इर्मा उमहोल्ट्सने. इर्मा शेजारीण. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिने, आता रविवारी सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि दुपारी नेमबाजी करते. बस्स, एवढीच तीन माणसं. लक्षात ठेवा.

आता माझा जन्म. ऐका, कारण यात सगळी गोम आहे.

माझी नळी लांब पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून कुरिअरने आली. बाहेरून ओबडधोबड. वेंडेलने तिला कानशीने घासून घासून बारीक केली, मागे आठ कोनांची, पुढे गोल. पक्ष्याच्या बंदुकीची नळी पातळ लागते. उडत्या पक्ष्यामागे फिरवायची ना, जड असून कसं चालेल? मधोमध ती इतकी पातळ की कपाची कड आठवावी.

मग परीक्षा. लाकूडबिकूड बसवायच्या आधीच. वेंडेलने नुसती नळी ट्रकच्या जुन्या टायरला आवळून बांधली, दुप्पट दारू ठासली, दुप्पट छर्रे भरले, बुडाजवळच्या बत्तीच्या भोकाला लांब वात लावली आणि स्वतः ट्रकमागे जाऊन बसला, कानात बोटं. धडाम! टायर चार हात मागे सरकला, शेजारचा कुत्रा पळाला, आणि मी अख्खीच्या अख्खी! त्याने मला उचललं, नखाने इथून तिथून चाचपलं आणि नळीच्या बुडाशी शिक्का मारला. मॅपलचं पान आणि दोन अक्षरं. आमच्या भागात तो शिक्का दिसला की कुणी पुढे काही विचारत नाही. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता आयुष्यभर मला काहीच होणार नाही.

मग लाकूड. कोठारात सहा वर्षं वाळलेली मॅपलची फळी. नळी लाकडात बसवायची रीत अशी की नळीला काजळी फासायची, खाचेत दाबायची, उचलायची, लाकडाला जिथे जिथे काळं लागलं तिथे तिथे तासायचं. मग परत काजळी, परत दाबायचं. शंभरदा. इथेच मला पहिल्यांदा शंका आली. वेंडेल लाकडावर वाकायचा आणि डोकं वाकडं करून कडेने बघायचा, जसा कोंबडा बघतो तसा. मग हाक मारायचा, "लॉटी! जरा ये गं. काळं कुठं लागलंय सांग, तुझी परीक्षा घेतोय."

लॉटी पिठाच्या हातांनी यायची. "इथे, इथे आणि हे कोपऱ्यात. पन्नास वर्षांत कधी परीक्षा घेतली नाहीस, आता बरा मास्तर झालास."

"म्हातारपणी शिकवावंसं वाटतं."

"हो का? सकाळी कॉफी कपाच्या बाहेर ओतलीस, तीही शिकवणीच होती वाटतं."

तो हसला. ती हसली नाही. मला कळलं, मित्रांनो. त्याच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध धुक्याचा एक ठिपका आला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गाडी चालवायचं लायसन गेलं असतं, आणि शेडला कुलूप लागलं असतं. तो हे स्वतःशीच पुटपुटायचा, कानशीच्या आवाजात. माझ्याशिवाय ऐकायला होतं कोण?

आणि मग तो दिवस. खिळींचा.

नळी लाकडात नुसती ठेवलेली नसते. तिच्या पोटाला तीन छोट्या कड्या असतात. लाकडाच्या एका बाजूने भोक पाडत न्यायचं, आतल्या कडीतून आरपार, दुसऱ्या बाजूने बाहेर. त्या भोकात सुईसारखी पातळ खीळ. झाली नळी पक्की. पण बाहेरून आतली कडी दिसत नाही हो! मापाने, अंदाजाने, हाताच्या सवयीने जायचं. पहिली खीळ झाली, मस्त. दुसरी, मधली. ड्रिल लाकडातून चाललं होतं, खर्र, खर्र, खर्र, आणि एकदम आवाज बदलला. कीं! बारीक, टोकदार.

ते कडीला लागलं नव्हतं. केसभर वर चढलं होतं. ते मला चावत होतं, माझ्या पोटाला, सगळ्यात पातळ जागी.

वेंडेलने झटकन हात थांबवला. त्याने ड्रिल बाहेर काढलं, टोकावर बोट फिरवलं. "गाठ लागली असेल लाकडाची," तो मोठ्याने म्हणाला. कुणाला म्हणाला? मी ओरडत होते. गाठ नाही! मी आहे! पण मला तोंड आहे ते फक्त वाजायला, बोलायला नाही.

त्याने चुकलेल्या भोकात लाकडाची चिप सरसात बुडवून ठोकली, जरा खाली नवीन भोक पाडलं, या वेळी बरोब्बर कडीतून गेलं. संध्याकाळी नळी बाहेर काढली तेव्हा त्याचं बोट थेट त्या जागी गेलं. धातूची खरखरीत कड लागली. त्याने कानशीचे दोन हलके हात मारले. कड गेली.

"ओरखडा आहे बारीक. एवढ्याने काय होतंय."

आता या धंद्यात एक रीत आहे, आणि ती वेंडेलनेच आमच्या सगळ्या डोंगराला शिकवली. नळीला ड्रिल चावलं तर नळी परत टायरला बांधायची. परत दुप्पट दारू. टिकली तर टिकली, नाही तर भंगारात. पण शिक्का आधीच बसला होता ना! शिक्का दिसत होता, ओरखडा लाकडाखाली जाणार होता. आणि परत टायर काढला असता तर लॉटीने विचारलं असतं, का रे? माझ्या शिक्क्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

नंतर माझं नटणंथटणं झालं. नळीला ओल्या पेटीत ठेवून मुद्दाम गंज चढवला, घासला, परत चढवला, शेवटी चॉकलेटी मखमल! लाकडाला तेजाब लावलं, ते आधी हिरवंगार झालं, मग वेंडेलने लॉटीचा केस वाळवायचा ड्रायर पळवला आणि गरम हवा मारली तशी लाकडावर वाघाचे पट्टे उमटले. लॉटी ओरडली, "तो माझ्या डोक्याचा आहे, मेल्या!" मग जवसाचं तेल, तळहाताने, रोज थोडं थोडं. मी इतकी सुंदर दिसायला लागले आणि मला त्याचं काहीच वाटेना.

इर्मा मला न्यायला आली. मला गालाला लावलं, डावा हात पुढे घेतला. आणि मित्रांनो, तिचा डावा तळवा बरोब्बर मधल्या खिळीखाली आला. बरोब्बर. ऑर्गनवर खालचे सूर धरणारा तिचा तो हात.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "हिच्याबरोबर झोपावंसं वाटतंय."

"तुझ्या घोरण्याने तिला गंज चढेल," वेंडेल म्हणाला.

सगळे हसले, मी सोडून.

दोन हंगाम मी इर्माकडे राहिले. खरं सांगू, छान होते ते दिवस. ती रोज मला पुसायची. सकाळी गवतावर पांढरं दव, आम्ही मक्याच्या कापलेल्या शेतातून चालायचो, फेझंट पक्षी फडफड करत उठायचा, माझा घोडा पडायचा, चकमक पोलादावर घासायची, ठिणगी, फुस्स, धडाम! नाताळानंतरच्या चकमकीच्या बंदुकांच्या खास हंगामात क्लबचे लोक म्हणायचे, ही बंदूक इर्मासाठीच जन्मली. आणि प्रत्येक बार उडाला की मी आत मोजायचे. टिकले. टिकले. टिकले. प्रत्येक वेळी ओरखड्याच्या टोकाला काहीतरी जरासं उसवायचं, शिवणीचा एक टाका निघावा तसं. कुणाला सांगू? मी तिच्या हातात होते आणि तिचा हात माझ्यामुळे धोक्यात होता, आणि ती मला लाडाने थोपटत होती!

या वर्षी डिसेंबरात, मला धुतल्यानंतर, मधल्या खिळीभोवती लाकडावर एक तपकिरी डाग आला. छोटासा, मसुराएवढा. तो मीच काढला असं म्हणायला मला आवडेल. पण नाही. पाणी झिरपलं, एवढंच. गुरुवारी इर्मा मला वेंडेलकडे घेऊन गेली.

"हे बघ, डाग कसला आलाय. रविवारी क्लबची स्पर्धा आहे, बक्षिसाला डुकराचं अख्खं हॅम आहे आणि मला ते हवंय."

"ठेवून जा. संध्याकाळी ने."

ती गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. खीळ ठोकून काढली, मला उचललं, उताणं केलं आणि अंगठ्याचं नख माझ्या पोटावरून सरकवलं. सावकाश. नख ओरखड्यात उतरलं. मग पुढे गेलं, आणि अडकलं. तिथे आता चीर होती.

तो खाली बसला. स्टुलावर नाही, जमिनीवर. मला मांडीवर घेऊन.

मला वाटलं, सुटले! आता सांगेल. तेवढ्यात बाहेरून लॉटीची हाक आली, "वेंडेल, नूडल्स थंड होतायत!" आणि तो उठला, घाईघाईने तेलाचं बोट लावलं, मला परत लाकडात बसवलं, खीळ ठोकली, डाग घासून काढला. संध्याकाळी इर्माला म्हणाला, "झालं. तेल जास्त झालं होतं."

तो वाईट माणूस नाहीये हो. तुम्ही तसं समजू नका. मागाहून शेडमध्ये त्याच्याच तोंडून ऐकलं मी, तो मनात म्हणत होता, सोमवारी सांगेन, रविवारी एवढा एक दिवस जाऊ दे. शुक्रवारी तो जेवला नाही. शनिवारी त्याने दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

रविवार. मैदानावर ऊन, चाळीसएक माणसं, मोठ्या पातेल्यात मक्याचं सूप, गाड्यांच्या मागे घड्या घालायच्या खुर्च्या. आमच्या क्लबचा एक नियम आहे. कुणीही, अगदी कुणीही, "बंदुका खाली!" अशी हाक दिली तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. पण हाक देणाऱ्याने कारण सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. कानात नाही, बाजूला घेऊन नाही. उगाच हाक दिली तर पुढच्या महिन्याचं सूप त्याच्याकडून.

इर्माची पाळी आली. नेमाचा पुठ्ठा लांब लावला होता म्हणून तिने दारू नेहमीपेक्षा दीडपट घेतली. वरून लोकरीची गद्दी, छर्रे, परत गद्दी, सगळं गजाने ठासलं. बत्तीच्या भोकाजवळच्या वाटीत चिमूटभर बारीक दारू. मला गालाला लावलं. डावा तळवा मधल्या खिळीखाली. मी थंडगार पडले.

खट्!

ठिणगीच नाही. मित्रांनो, गोष्टीत असतं ना की घोडा मालकाला वाचवायला अडून बसतो? मी तसं काही केलं नाही. मला करता आलंच नसतं. चकमक बोथट झाली होती, बस्स.

"बिचारी दमली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझ्यासारखीच," इर्मा म्हणाली, लोकांना हसू फुटलं. तिने खिशातून छोटी हातोडी काढली आणि चकमकीची धार टक टक करून नवी काढली. वाटीत नवी चिमूट टाकली. मला परत उचललं. माझा घोडा मागे गेला, आतून कट्ट असा आवाज आला. तो आवाज वेंडेलने ओळखला. खुर्च्यांच्या रांगेत बसला होता तो, मांडीवर सूप. तो ऐकून बंदुका ओळखतो.

"बंदुका खाली!"

सूप त्याच्या पँटवर सांडलं. इर्माने बोट चापावरून काढलं. सगळं मैदान वळलं.

"काय रे वेंडेल?" इर्मा म्हणाली. "सूप तुझ्याकडून हवंय का पुढच्या महिन्यात?"

तो चालत पुढे आला, खुर्चीला एकदा ठेचकाळला. "तिची नळी फुटणार आहे," तो म्हणाला.

"मोठ्याने!" मागून कुणीतरी ओरडलं. नियम म्हणजे नियम.

"नळी फुटणार आहे!" तो ओरडला. "मधल्या खिळीचं भोक पाडताना मी ड्रिल नळीत घातलं. परत टायरला बांधली नाही. मला दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही मला, चार-पाच वर्षं झाली."

लॉटी सूपच्या पातेल्याजवळ उभी होती. तिने डाव खाली ठेवला, एवढंच.

इर्माने मला हळूच आडवं केलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"गुरुवारपासून."

"आज रविवार आहे."

"हो."

"खरं बोल, वेंडेल."

त्याने मान खाली घातली. "भोक पाडलं त्याच दिवसापासून. चीर गुरुवारी लागली हाताला."

"दोन वर्षं मी हिला इथे धरतेय," इर्मा म्हणाली आणि आपला तळवा त्याच्या तोंडासमोर धरला, इतका जवळ की त्याला कडेनेसुद्धा दिसावा.

पण मी अजून भरलेली होते ना! ठासणीची बंदूक भरली की सहज रिकामी होत नाही. इर्माने वाटीतली दारू फुंकून टाकली, मला टेबलावर टेकवलं आणि तोंडातून किटलीने पाणी ओतायला लागली, आतली दारू मरावी म्हणून. सगळे बघत होते. आणि मधल्या खिळीपाशी लाकडातून पाणी आलं. एक थेंब. मग दुसरा. मग टप, टप, टप, काळं पाणी, वेंडेलच्या बुटावर. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं नकळत मागे सरकले.

इर्मा गाडीत बसून गेली. मला तिथेच टाकून.

आता मी शेडमध्ये, बाकावर आहे. तुकड्या-तुकड्यांत. लाकूड एका बाजूला, घोडा-चाप डबीत. नळी वेंडेलने चिरेपाशीच करवतीने कापली आणि आत बोट घालून बघितलं, किती उरलं होतं ते. चिरेच्या कडेला कागदाएवढं उरलं होतं. त्याने ते लॉटीच्या हातात दिलं. ती म्हणाली, "गिऱ्हाइकांची वही आण."

कारण, मित्रांनो, मी एकटी नाही. धुक्याचा ठिपका आल्यापासून याच खिडकीत, याच हातांनी अजून सात बंदुका केल्यात. माझ्या सात बहिणी! सगळ्यांच्या बुडाशी तेच पान, तीच दोन अक्षरं. त्यांना काही झालंय की नाही कुणालाच माहीत नाही. मला वाटतं मी हाक मारावी, अगं, तुझ्या मालकाला सांग! पण कशी मारू? मी इथे दोन तुकड्यांत पडलेय.

वेंडेलला वहीतले आकडे दिसत नाहीत. लॉटी वाचते, लावते, फोन त्याच्या कानाला देते. पहिला माणूस हसलाच. "तुझ्या हातून चूक? चेष्टा करतोस होय!" दुसरा म्हणाला, शिक्का आहे की, मग काय. तिसऱ्याने तर नाताळच्या शुभेच्छा देऊन ठेवून दिला.

बुधवारी दुपारी दार उघडलं. इर्मा.

"अर्धी यादी इकडे दे," ती म्हणाली. "तुझं ऐकून लोक हसतात. मी एकतीस वर्षं बसमध्ये पोरं गप्प बसवलीत."

वेंडेल उठायला लागला. "इर्मा, मी..."

"बस खाली. मी अजून रागावलेलीच आहे. हे काम वेगळं आहे."

ती लागली कामाला. "खीळ काढा, नळी उचला, पोटावरून नख फिरवा. आत्ता. मी धरून ठेवते फोन." आणि ती खरंच धरून ठेवायची, टेबलावर बोटं वाजवत, डाव्या हाताची. ओहायोतला एक फोनवर परत आला. त्याचं नख अडकलं होतं. बाकीचेही एकेक करून चाचपून आले. सहा झाल्या.

सातवी उत्तरेला आहे, थर्मन बेकडे. त्याने मुलाच्या विसाव्या वाढदिवसाला घेतली होती. त्याचा फोन वाजतो, वाजतो, आणि बंद होतो. ते दर तासाला लावतायत. परवा चकमकीचा हंगाम सुरू होतोय. लॉटीने पत्र टाकलंय, इर्मा म्हणते उद्या सकाळी गाडी काढून जाऊ, सहा तास लागतील, बर्फ पडलं तर आठ. आत्ता या क्षणी परत लावलाय. मला ऐकू येतंय, तिकडे घंटी वाजतेय.

मित्रांनो, आमच्यासारखी वस्तू काहीच करू शकत नाही. आम्हाला जसं बनवाल तसं आम्ही वाजतो, जिथे चुकाल तिथे आम्ही फुटतो, आणि कुणाच्या हातात फुटायचं तेही आम्ही ठरवत नाही. म्हणून हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं. तुमच्या हातून काही चुकलं आणि कुणी बघितलं नाही, तर त्यावर लाकूड चढवू नका. सांगा. रागावतील, रागावू दे. आणि तुमच्या घरी भिंतीवर माझ्यासारखी कुणी असेल, तर शिक्का बघून खूश होऊ नका. खीळ काढा, तिला उताणी करा, पोटावरून नख फिरवा.

आणि फोन वाजत असेल तर उचला. प्लीज, कुणीतरी तो उचला.